नॅनो बोर्ड, कॉम पोर्ट आणि चार ठिकाणी लिहिलेला वेग : एक प्रकरण अभ्यास

दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालय उघडले, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मायक्रोकंट्रोलर प्रयोगशाळेतून माझ्याकडे निर्लेखनाचा एक प्रस्ताव सहीसाठी आला. डेडस्टॉक नोंदवहीतील सतरा आर्डुइनो नॅनो बोर्ड (यूएसबीने संगणकाला जोडून प्रोग्राम करता येणारे छोटे मायक्रोकंट्रोलर बोर्ड) 'प्रोग्राम स्वीकारत नाहीत, दुरुस्तीयोग्य नाहीत' या शेऱ्यासह रद्दबातल करावेत, अशी त्यात मागणी होती. सोबत पुठ्ठ्याची एक पेटी होती आणि तिच्यावर 'खराब' अशी चिठ्ठी डकवलेली होती. हे बोर्ड दसऱ्यापर्यंत विद्यार्थ्यांच्या हातात व्यवस्थित चालत होते आणि सुट्टीभर कुलूपबंद कपाटात पडून होते. कपाटात ठेवलेले सतरा बोर्ड एकाच वेळी मरतात, हे मनाला पटेना, म्हणून सही बाजूला ठेवून मी पेटी उघडली. पुढे जे आढळले ते आमच्या प्रयोगशाळेपुरते किरकोळ होते. परंतु सीरियल पोर्टच्या (संगणक आणि बोर्ड यांच्यात एकामागून एक बिट नेणाऱ्या जोडणीच्या; विंडोजमध्ये तिला 'कॉम' आणि क्रमांक असे नाव असते) सेटिंगविषयी जो गैरसमज त्यामागे होता तो अनेक ठिकाणी पाहायला मिळतो, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवत आहे.

पार्श्वभूमी

प्रयोगशाळेत एकूण चोवीस नॅनो होते. त्यांपैकी अठरा काही वर्षांपूर्वी एकाच खरेदीत आलेले आणि सहा यंदा जुलैमध्ये घेतलेले. सगळेच बोर्ड मूळ आराखड्याच्या स्वस्त नकला आहेत. प्रत्येकावर १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर चालणारा एटीमेगा ३२८पी मायक्रोकंट्रोलर आहे, आणि यूएसबी व सीरियल यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारी सीएच३४०जी ही चिप आहे. मूळ नॅनोवर या जागी एफटी२३२आरएल ही महागडी चिप असते.

सुट्टीत सर्व संगणक फॉरमॅट करून त्यांवर विंडोज १० आणि आर्डुइनोचे १.८ मालिकेतील सॉफ्टवेअर नव्याने टाकले गेले होते. ही गोष्ट प्रस्तावात लिहिलेली नव्हती, कारण ती कोणालाच महत्त्वाची वाटली नव्हती. प्रयोगशाळा सहाय्यकांच्या दृष्टीने हिशेब सरळ होता. फॉरमॅटनंतर नवे सहा बोर्ड सर्व संगणकांवर चालतात, म्हणजे संगणक ठीक आहेत. जुन्या अठरांपैकी सतरा एकाही संगणकावर चालत नाहीत, म्हणजे बोर्ड खराब आहेत. तर्क वरवर निर्दोष आहे. त्यात न बसणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे जुन्यांपैकी चालणारा अठरावा बोर्ड. त्याकडे 'नशीब' म्हणून दुर्लक्ष झाले होते.

बोर्ड खराब ठरवण्यापूर्वी प्रयत्न झाले नव्हते असे मुळीच नाही. ड्रायव्हर दोनदा काढून पुन्हा टाकला होता. केबल बदलून पाहिल्या होत्या, आणि त्यात मोबाइलच्या चार्जरसोबत आलेल्या, आत डेटाच्या तारा नसलेल्या दोन केबल सापडून त्या बाजूलाही काढल्या होत्या, हे काम चांगले झाले. त्यानंतर मात्र मोर्चा डिव्हाइस मॅनेजरकडे, म्हणजे विंडोजमधील उपकरणांच्या यादीकडे, वळला. तेथे 'पोर्ट सेटिंग्ज' या पानावर बिट्स पर सेकंद ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल नाही, असे पाच रकाने असतात. अपलोड, म्हणजे बोर्डात प्रोग्राम चढवणे, ११५२०० या वेगाने होतो असे कोणीतरी वाचले होते, म्हणून पहिला रकाना ११५२०० केला गेला. त्याने फरक पडला नाही म्हणून फ्लो कंट्रोल 'हार्डवेअर' केला गेला. तरीही फरक पडला नाही, तेव्हा छापील प्रात्यक्षिक पुस्तिकेत 'कॉम ३ निवडा' असे लिहिलेले असल्याने प्रगत सेटिंगमध्ये जाऊन पोर्टचा क्रमांकच जबरदस्तीने कॉम ३ केला गेला. प्रत्येक वेळी पडद्यावर उमटणारा संदेश एकच होता, तो म्हणजे 'नॉट इन सिंक', दहापैकी दहावा प्रयत्न.

या संदेशाची एक खोड सांगितली पाहिजे. अपलोड करणारा एव्हीआरड्यूड हा प्रोग्राम बोर्डाला षोडशमान पद्धतीतील ३० आणि २० असे दोन बाइट पाठवतो, आणि बोर्डाने उत्तरादाखल १४ व १० पाठवावेत अशी अपेक्षा धरतो. 'आहेस का?' आणि 'आहे' इतकाच हा संवाद. अपेक्षित उत्तर आले नाही की संदेश हाच उमटतो, मग चुकीचा पोर्ट निवडलेला असो, बोर्ड रीसेट झालेला नसो, वेग जुळलेला नसो की चिप जळलेली असो. संदेश खोटे बोलत नाही, पण ताप आहे एवढेच सांगणाऱ्या थर्मामीटरसारखा तो आहे, आणि आमच्याकडे त्याच्याच भरवशावर रोगनिदान झाले होते.

बोर्ड बोलत होते

पेटीतून पहिले पाच बोर्ड घेऊन मी अपलोडच्या वाटेला न जाता नुसते सीरियल मॉनिटर, म्हणजे बोर्डाने पाठवलेला मजकूर दाखवणारी आर्डुइनो सॉफ्टवेअरमधील खिडकी, उघडले. दसऱ्यापूर्वीच्या शेवटच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांनी एलएम३५ या संवेदकाने तापमान मोजण्याचा प्रोग्राम टाकला होता, आणि तो प्रत्येक बोर्डात अजून शाबूत होता. मॉनिटरचा वेग ९६०० ठेवताच पडद्यावर तापमानाच्या ओळी एकाखाली एक स्वच्छ उमटू लागल्या. संवेदक जोडलेला नसल्याने आकडे निरर्थक होते, पण अक्षरे सुवाच्य होती.

या एका दृश्याने दोन गोष्टी सिद्ध झाल्या. मायक्रोकंट्रोलर, त्याचे घड्याळ, यूएसबी चिप, केबल, ड्रायव्हर आणि पोर्ट हे सर्व, निदान बोर्डाकडून संगणकाकडे येणाऱ्या दिशेने, धडधाकट होते. दुसरी गोष्ट याहून बोलकी होती. त्या क्षणी डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच पोर्टचा वेग ११५२०० असा नोंदलेला होता. त्या नोंदीला काही अधिकार असता, तर ९६०० ने येणारा मजकूर वाचताच आला नसता. तो वाचता येत होता, याचा अर्थ ती नोंद कोणी विचारातच घेत नव्हते.

मी सहाय्यकांना शेजारी बसवून हे दाखवले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता: "सर, मग ते पान ठेवलंय कशाला?" ते पान पूर्वनिर्धारित नोंदीचे आहे. एखादा प्रोग्राम पोर्ट उघडतो तेव्हा तो विंडोजला स्वतःचा वेग, डेटा बिट, पॅरिटी आणि स्टॉप बिट सांगू शकतो, आणि आजचे जवळपास सर्व प्रोग्राम ते सांगतातच. ज्याने काहीच सांगितले नाही त्याच्यासाठी ती नोंद असते. सीरियल मॉनिटर स्वतःचा वेग सांगतो आणि एव्हीआरड्यूडही सांगतो. लग्नपत्रिकेत जागा राहिली म्हणून छापलेल्या नावासारखे ते रकाने आहेत; मान आहे, काम नाही. म्हणून ते ९६०० असोत वा ११५२००, नॅनोवर प्रोग्राम चढवण्याशी त्यांचा संबंध येत नाही.

प्रकरणाचा खरा गाभा येथे आहे. आमच्या प्रयोगशाळेत वेग चार ठिकाणी लिहिलेला होता आणि चारही ठिकाणचा आकडा एकच असला पाहिजे, अशी सर्वांची समजूत होती. पहिले ठिकाण डिव्हाइस मॅनेजर. दुसरे, विद्यार्थ्याच्या प्रोग्राममधील सीरियल बिगिन ही ओळ; तिच्यावरून मायक्रोकंट्रोलर प्रोग्राम चालू असताना कोणत्या वेगाने बोलेल ते ठरते. तिसरे, सीरियल मॉनिटरच्या खालच्या कोपऱ्यातील यादी. ती दुसऱ्याशी जुळली पाहिजे आणि बाकी कोणाशी जुळण्याची गरज नाही. चौथे ठिकाण कोणाला दिसतच नाही, कारण ते बोर्डांची माहिती ठेवणाऱ्या एका साध्या मजकूर-फाइलमध्ये असते आणि टूल्स मेनूत बोर्ड व प्रोसेसर निवडला की आपोआप लागू होते. अपलोडच्या वेळी हा चौथा आकडाच बोर्डातील बूटलोडरशी, म्हणजे नवा प्रोग्राम स्वीकारून स्मृतीत लिहिणाऱ्या छोट्या कायमच्या प्रोग्रामशी, जुळावा लागतो. विद्यार्थ्याने प्रोग्राममध्ये ९६०० लिहिले म्हणून अपलोड ९६०० ने होत नाही, आणि अपलोड ११५२०० ने होतो म्हणून मॉनिटरही त्या वेगावर ठेवावा लागत नाही. तोंडी परीक्षेत याच प्रश्नावर निम्मा वर्ग अडखळतो, हा माझा अनुभव; पण आपणच पुस्तिकेत 'बॉड रेट (म्हणजे हाच वेग) सेट करा' असे मोघम लिहून ठेवले असेल, तर दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही.

परतीचा रस्ता

बोर्ड बोलतो हे कळले, पण तो ऐकतो का, हे अजून कळायचे होते. त्यासाठी लूपबॅकची चाचणी घेतली. नॅनोच्या एका कडेला पहिल्या चार पिना टीएक्स (पाठवण्याची), आरएक्स (ऐकण्याची), रीसेट आणि ग्राउंड अशा ओळीने असतात. पहिल्या दोन एकमेकींना आणि पुढच्या दोन एकमेकींना जंपर वायरने जोडल्या की काम होते. रीसेट ग्राउंडला बांधल्याने मायक्रोकंट्रोलर झोपून राहतो आणि त्याच्या पिना कोणालाही ओढत नाहीत. टीएक्स व आरएक्स जोडल्याने यूएसबी चिपने पाठवलेले अक्षर फिरून तिच्याकडेच परत येते. मॉनिटरमध्ये 'नमस्कार' इंग्रजी लिपीत टंकून पाठवले आणि तसेच परत आले, की संगणकापासून बोर्डाच्या पिनेपर्यंतचा जाण्या-येण्याचा दोन्ही रस्ता मोकळा आहे असे समजावे.

सतरांपैकी पंधरा बोर्ड या चाचणीत उत्तीर्ण झाले. दोघांकडून काहीच परत आले नाही. त्यांना बाजूला ठेवले.

लूपबॅकची एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी लागते, आणि सहाय्यक येथेच जवळजवळ फसले होते. चाचणी ११५२०० वर उत्तीर्ण झाली म्हणून 'वेग बरोबर आहे' असे त्यांनी वहीत लिहिले. मी मॉनिटरचा वेग ५७६००, मग १९२००, मग ३०० केला, आणि अक्षरे प्रत्येक वेळी परत आलीच. पाठवणारा आणि ऐकणारा एकच असेल तर वेग कधीच चुकत नाही. त्यामुळे लूपबॅकने रस्ता तपासला जातो, वेग तपासला जात नाही. वेगासाठी समोर दुसरे घड्याळ असावे लागते.

दोन घड्याळे

येथे असिंक्रोनस सीरियल संवाद थोडा जवळून पाहणे भाग आहे. टीएक्सच्या तारेसोबत घड्याळाची वेगळी तार नसते. तार निष्क्रिय असताना उंच असते; ती खाली आली की ऐकणारा समजतो की अक्षर सुरू झाले, आणि त्या क्षणापासून स्वतःच्या घड्याळाने मोजत प्रत्येक बिटाच्या मधोमध डोकावून ० की १ ते टिपतो. आठ डेटा बिट, पॅरिटी नाही आणि एक स्टॉप बिट या मांडणीत सुरुवातीच्या बिटासह एका अक्षराला दहा बिट लागतात. ११५२०० वेगाला एक बिट ८.६८ मायक्रोसेकंद टिकतो, ५७६०० ला १७.३६. पाठवणारा पहिल्या वेगाने आणि ऐकणारा दुसऱ्या वेगाने चालत असेल, तर ऐकणाऱ्याचा डोकावण्याचा क्षण नेमका दोन बिटांच्या सांध्यावर पडतो, आणि हाती जे लागते ते निव्वळ कचरा असते. तारेवर विजेचा काही दोष नसतो, ऑसिलोस्कोपवर लाटा देखण्या दिसतात, आणि तरीही संवाद शून्य.

प्रिफरन्सेसमध्ये जाऊन अपलोडच्या वेळचा सविस्तर मजकूर दाखवण्याची खूण केली आणि पुन्हा एकदा अपलोड केला. एव्हीआरड्यूड कोणत्या शब्दांत बोलावला गेला ती लांबलचक ओळ आता दिसली, आणि तिच्यात पोर्टच्या नावानंतर '-बी११५२००' असे होते. त्याखाली दहा प्रयत्न, आणि उत्तर म्हणून कधी ००, कधी ई० असे बदलते बाइट. हे बदलते बाइटही काही सांगतात. ई० द्विमान पद्धतीत लिहिला तर १११००००० होतो, आणि सीरियल तारेवर सर्वांत कनिष्ठ बिट आधी निघतो, म्हणजे ऐकणाऱ्याला आधी पाच शून्ये आणि मग तीन एक दिसले. तार माझ्या मोजणीने कितीतरी बिट सलग खाली राहिली आणि मग वर गेली. असे बाइट वारंवार येऊ लागले की समोरचा माझ्यापेक्षा संथ बोलत असल्याचा संशय घ्यावा. आमच्या बाबतीत बूटलोडर कचरा ऐकून कंटाळत होता आणि नाद सोडून सूत्रे तापमानाच्या प्रोग्रामकडे देत होता, आणि तो प्रोग्राम ९६०० ने बोलू लागत होता. ११५२०० ने कान लावून बसलेल्या एव्हीआरड्यूडला त्याच बोलण्याचे तुकडे ऐकू येत होते.

आता अठराव्या बोर्डाकडे वळलो. त्याच्या पाठीवर कायम शाईच्या पेनाने एका प्रकल्पगटाचा क्रमांक होता. चौकशीत कळले की दोन वर्षांपूर्वी त्या गटाचा प्रोग्राम जागेत मावत नव्हता. एटीमेगा ३२८पीची फ्लॅश स्मृती ३२७६८ बाइट असते, आणि जुना बूटलोडर त्यांतील २०४८ बाइट अडवून बसल्याने प्रोग्रामसाठी ३०७२० उरतात. त्या मुलांनी एका ऊनो बोर्डाचा प्रोग्रामर म्हणून उपयोग करून या नॅनोवर ऊनोचा ऑप्टीबूट हा बूटलोडर चढवला होता, कारण तो अवघ्या ५१२ बाइटांत बसतो आणि ३२२५६ बाइट मोकळे ठेवतो. त्यांना हवी होती जागा. पण ऑप्टीबूट ११५२०० ने बोलतो, तर नॅनोचा जुना बूटलोडर ५७६०० ने, त्यामुळे जागेबरोबर वेगही बदलला होता.

कोडे येथे सुटले. अधिकृत नॅनोवर २०१८ सालच्या जानेवारीपासून नवा, ११५२०० चा बूटलोडर येऊ लागला, आणि सॉफ्टवेअरमध्ये नॅनो निवडल्यावर प्रोसेसरच्या यादीत 'एटीमेगा ३२८पी' आणि 'एटीमेगा ३२८पी, ओल्ड बूटलोडर' असे दोन पर्याय दिसू लागले. नकला करणाऱ्यांनी मात्र जुना बूटलोडर पुढेही बराच काळ वापरला, त्यामुळे खरेदीच्या तारखेवरून बूटलोडर ओळखता येत नाही. आमच्या संगणकांवर पूर्वी कोणीतरी 'ओल्ड बूटलोडर' निवडून ठेवले होते. सॉफ्टवेअर ही निवड लक्षात ठेवते, त्यामुळे कोणाला तिची आठवण राहिली नव्हती. फॉरमॅटमध्ये ती पुसली गेली आणि यादी पहिल्या पर्यायावर आली. यंदाचे सहा बोर्ड नव्या बूटलोडरचे निघाले म्हणून चालले. जुलैपासून ते खोक्यातच होते, म्हणून हा फरक आधी कोणाच्या नजरेस आला नव्हता.

पर्याय बदलून 'ओल्ड बूटलोडर' केला. पंधरांपैकी चौदा बोर्डांनी पहिल्याच फटक्यात प्रोग्राम घेतला. दरवाजाशी उभे राहून पाहणारे प्रयोगशाळेचे मामा म्हणाले, "म्हणजे पेटी परत कपाटात?" मी म्हटले, "थांबा मामा, तीन राहिलेत."

जाता जाता या आकड्यांविषयी दोन शब्द. ११५२०० हा आकडा इतका अडनिडा का, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. १९८१ च्या आयबीएम पीसीत ८२५० ही सीरियल चिप १.८४३२ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर चालत असे, आणि त्याला १६ ने भागले की नेमके ११५२०० येतात. तो त्या यंत्राचा सर्वोच्च वेग होता आणि बाकीचे वेग त्याचे भागाकार होते. आपल्या नॅनोचे १६ मेगाहर्ट्झ मात्र या आकड्याने नीट भागत नाहीत. सोळाच्या भाजकाने जवळचा शक्य वेग सुमारे ११११११ येतो आणि साडेतीन टक्के कमी पडतो. दुप्पट गतीच्या रीतीत, म्हणजे आठच्या भाजकाने, ११७६४७ मिळतो आणि चूक २.१ टक्क्यांवर येते. ऑप्टीबूट ही दुसरी रीत वापरतो. दहा बिटांच्या अक्षरात दोन टक्के चूक खपून जाते. साडेतीन टक्के चूक आणि समोरच्या घड्याळाची थोडी उलट्या दिशेची चूक एकत्र आली, तर शेवटचा बिट हातचा जाऊ शकतो. ९६०० ला हीच चूक ०.२ टक्के असते, म्हणून तो वेग कधी दगा देत नाही.

उरलेले तीन

पंधरावा बोर्ड बोलत होता, लूपबॅकमध्ये पास होता, पण योग्य वेग निवडूनही प्रोग्राम घेत नव्हता. तो पुन्हा मॉनिटरवर लावला तेव्हा एक फरक दिसला. बाकीच्या बोर्डांवर मॉनिटर उघडताच तापमानाच्या ओळी पहिल्यापासून सुरू होत. याच्यावर त्या मधूनच चालू राहत. म्हणजे पोर्ट उघडल्यावर हा बोर्ड रीसेट होत नव्हता. बूटलोडर रीसेटनंतर एक-दोन सेकंदच कान देतो आणि मग प्रोग्राम सुरू करतो, त्यामुळे अपलोडच्या अगदी आरंभी रीसेट होणे अत्यावश्यक असते. हे काम डीटीआर या ओळीकडे आहे. १९६० सालापासूनच्या आरएस-२३२ प्रमाणकात 'टर्मिनल तयार आहे' असे मोडेमला कळवण्यासाठी ही ओळ असे. आर्डुइनोच्या बोर्डांवर तिला ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमार्फत रीसेटला जोडलेले असते. ओळ खाली आली की कपॅसिटर क्षणभर रीसेटला खाली खेचतो आणि लगेच सोडतो, त्यामुळे पोर्ट उघडा राहिला तरी बोर्ड रीसेटमध्ये अडकून पडत नाही.

पडताळा सोपा होता. अपलोड सुरू केला, पडद्यावर 'अपलोडिंग' उमटताच बोर्डावरचे बटण दाबून सोडले, आणि तिसऱ्या प्रयत्नाला वेळ साधून प्रोग्राम चढला. भिंगातून पाहता त्या इवल्याशा कपॅसिटरचे एक टोक पॅडवर टेकलेले होते पण कथिल त्याला धरून नव्हते. ड्राय सोल्डर. बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने दोन सेकंद ऊब दिली आणि बोर्ड स्वतःहून रीसेट होऊ लागला.

लूपबॅकमध्ये नापास झालेल्या दोघांपैकी एकावर एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल थेट सोल्डर केलेले होते, तेही मॉड्यूलची टीएक्स बोर्डाच्या आरएक्सला. यूएसबी चिप आणि आरएक्स पिन यांच्यामध्ये बोर्डावर १ किलोओहमचा रोधक असतो. मॉड्यूल मात्र विनारोधक जोडलेले, आणि गप्प असताना आपली टीएक्स ठामपणे उंच धरून ठेवणारे. यूएसबी चिपने रोधकाआडून तारेला खाली ओढायचे ठरवले तरी मॉड्यूल ती खाली येऊ देत नाही. जाड आवाजाच्या माणसाशेजारी कुजबुजण्यासारखा हा प्रकार. मॉड्यूलची ती एक तार काढताच लूपबॅक चालला, आणि ५७६०० वर प्रोग्रामही चढला. संबंधित गटाला मॉड्यूल १० व ११ क्रमांकांच्या पिनांवर हलवून सॉफ्टवेअर सीरियल (प्रोग्रामच्या साह्याने इतर पिनांवर चालवलेला सीरियल संवाद) वापरण्यास सांगितले. मॉड्यूलचा मूळ वेग ९६०० असल्याने ते सहज झेपते.

शेवटचा बोर्ड संगणकात पोर्ट म्हणून दिसत होता, पण लूपबॅकमध्ये एक अक्षरही परत देत नव्हता आणि यूएसबी चिपवर बोट ठेववत नव्हते इतकी ती तापत होती. तो खरोखरच गेला होता.

नंतरची व्यवस्था

सर्व जुन्या बोर्डांवर नवा बूटलोडर चढवून सगळे एकसारखे करावेत, असे माझे मत होते. एकाच पेटीत दोन वेगांचे बोर्ड असणे म्हणजे दर सत्रात हीच तक्रार पुन्हा येणार. सहकारी मॅडमनी विरोध केला. बूटलोडर चढवताना फ्यूज बिटही (चिपची मूळ मांडणी ठरवणारे बिट) नव्याने लिहिले जातात, प्रात्यक्षिक परीक्षा तीन आठवड्यांवर आहे, आणि चालत्या बोर्डांवर आत्ता हात घालू नये, असे त्यांचे म्हणणे. ते मला मान्य करावे लागले. त्याऐवजी जुन्या बोर्डांच्या पाठीवर पांढऱ्या शाईने '५७' आणि नव्या सहांवर व प्रकल्पगटाच्या त्या एका बोर्डावर '११५' असे लिहिले. कोणत्या बोर्डाला प्रोसेसरचा कोणता पर्याय, एवढेच ते आकडे सांगतात.

पुस्तिकेतील 'कॉम ३ निवडा' ही ओळ काढून टाकली. सीएच३४०जी या चिपमध्ये प्रत्येक नगाचा वेगळा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे विंडोज पोर्टचा क्रमांक बोर्डाला न देता यूएसबीच्या खाचेला देते. तोच बोर्ड शेजारच्या खाचेत घातला की क्रमांक बदलतो. पुस्तिकेत आता असे आहे की बोर्ड न जोडता पोर्टची यादी पाहावी, मग बोर्ड जोडून पुन्हा पाहावी, आणि जो नवा दिसेल तो निवडावा. कॉम १ हा बहुधा मदरबोर्डचा स्वतःचा पोर्ट असतो आणि यादीत पहिला दिसतो म्हणून मुले तोच निवडतात, हेही तेथे ठळक लिहिले आहे. डिव्हाइस मॅनेजरमधील फ्लो कंट्रोल मी पुन्हा 'नाही' वर आणला. त्याने काही बिघडत नव्हते, पण पुढच्या माणसाला ते पाहून भलताच सुगावा लागू नये.

निर्लेखनाचा प्रस्ताव सतराऐवजी एका बोर्डाचा करून मी सही केली. भांडार विभागाने तो परत पाठवला, कारण रकाना क्रमांक सातमध्ये कारण 'प्रोग्राम स्वीकारत नाही' असेच राहिले होते आणि मूळ प्रस्तावातील उरलेल्या सोळा बोर्डांचे काय झाले, हे त्यांना हवे होते. सातव्या रकान्यात 'यूएसबी-सीरियल चिप निकामी, लूपबॅक चाचणीत प्रतिसाद नाही' असे लिहिले, आणि सोळा बोर्डांपुढे 'वापरात, वेग ५७६००' अशी नोंद केली. भांडारपालांचा फोन आला की वेग हा रकाना नोंदवहीत नाही. तो शेऱ्यात टाकला.